उलट बोलते, सर

घरात उलट बोललं की थोबाडीत बसते. शाळेत उलट बोललं की वर्गाबाहेर उभं राहावं लागतं. सासरी उलट बोललं तर काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक. पण त्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात उलट बोलणं ही नोकरीची अट होती. नवीन रेसिडेंट, म्हणजे शिकता शिकता राबणारा डॉक्टर, हजर झाला की मॅडम त्याला पहिल्या दिवशी हेच शिकवायच्या. सिनियरने सांगितलेलं औषध कुठलं, किती, कुठून द्यायचं, ते सगळं मोठ्यांदा परत म्हणायचं. आणि काही चुकतंय असं वाटलं, अगदी नुसतं वाटलं तरी, "उलट बोलते" किंवा "उलट बोलतो" म्हणून सुरुवात करायची आणि शंका सांगून टाकायची. हे शब्द कानावर पडले की समोरचा कितीही मोठा असो, त्याने हात थांबवायचा आणि ऐकून घ्यायचं. रागवायचं असेल तर नंतर खुशाल रागवावं.

यात काही वेडेपणा नव्हता. समोर माणूस जाऊ की राहू करत असतो, चारी बाजूंनी यंत्रं किंचाळत असतात, नातेवाईक दारावर थडाथडा हात मारत असतात. अशा गोंधळात 'पंधरा'चं 'पन्नास' ऐकू यायला कितीसा वेळ लागतो? तरी बाकीचे विभाग हसायचे. कँटीनमध्ये इमर्जन्सीचं कुणी दिसलं की, "काय, आज किती जण उलटले?" असं हटकून विचारायचे. मॅडमच्या कानावर ते जायचं. त्या चहाचा पुढचा घोट घ्यायच्या.

हा नियम कुठून आणला असं कुणी विचारलं की मॅडम एखाद्या जाडजूड पुस्तकाचं नाव सांगायच्या. खरं म्हणजे त्यांनी तो एका ओरड्यातून आणला होता.

तेव्हा मॅडम मॅडम नव्हत्या. त्या स्वतःच रेसिडेंट होत्या, काडीसारख्या बारीक, आणि थोरल्या सरांच्या हाताखाली होत्या. थोरले सर म्हणजे बडं प्रस्थ. ते वॉर्डात आले की खुर्च्यासुद्धा सरळ बसायच्या. "औषध शिरेत आणि पोरं धाकात ठेवली की विभाग चालतो," हे त्यांचं लाडकं वाक्य, आणि ते म्हणताना ते स्वतःच हसायचे. एका दुपारी एक शाळामास्तर आले. गांधीलमाशी चावली होती. अंगभर पित्त उठलेलं, ओठ सुजून टम्म, छातीत घरघर. अशा माणसाला ॲड्रिनलिनचं इंजेक्शन मांडीत द्यायचं, तेही बेतानं. तेच अख्खं शिरेत ढकललं तर चांगलं चालणारं हृदय उधळतं आणि मग ते आवरत नाही.

"ॲड्रिनलिन, अख्खी कुपी, शिरेतून," सर म्हणाले.

"सर, मांडीत ना?" तिने विचारलं. एवढंच.

"मला उलट बोलतेस? चल, बाहेर हो. बाहेर!"

ती बाहेर गेली. दार लागलं. दाराच्या मुठीवर हात ठेवून ती तिथंच उभी राहिली. आतून मास्तरांचा आवाज आला, "त्या बाई कुठं गेल्या? बोलवा ना त्यांना." मग मॉनिटर बोंबलायला लागला. आणि मग तोही गप्प झाला.

चौकशी झाली. थोरल्या सरांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, "ऐन वेळी ती पेशंट टाकून बाहेर गेली." खोलीत हजर असलेल्या सगळ्यांच्या तोंडाला एकदम कुलूप लागलं. तिचं एक वर्ष गेलं. नाव पडलं 'पळपुटी'. वर्ष भरून काढता येतं, नावाचीही सवय होते. पण मास्तरांची बायको तिला जिन्यात भेटली होती. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही का हो सोडून गेलात? ते तुमची वाट बघत होते." उत्तर तोंडापर्यंत आलं होतं. पण दोन पायऱ्या खाली थोरले सर उभे होते, आणि ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा राग तिनं सरांच्याच खात्यावर मांडला, आणि ते बरोबरच होतं.

नाग डूख धरतो म्हणतात. मॅडमना भेटला असता तर नागाने शिकवणी लावली असती.

पुढे त्या शिकल्या, शिकवायला लागल्या, विभागाच्या प्रशिक्षणप्रमुख झाल्या. थोरले सर निवृत्त झाले, पण अशी माणसं निवृत्त होतात म्हणजे फक्त पगार बंद होतो. हॉस्पिटलचे अध्यक्ष त्यांचे जुने भक्त. त्यांनी एक दिवस सगळ्या विभागप्रमुखांना बोलावून जाहीर केलं की रेसिडेंट लोकांच्या प्रशिक्षणाची सूत्रं आता थोरल्या सरांकडे द्यायचा विचार आहे. मॅडम त्यांच्या हाताखाली काम बघतील. थोरले सर शेजारीच बसले होते. पांढरे केस, पांढरा शर्ट, चेहऱ्यावर तूपकट हसू.

"ही आमचीच पोर," ते मॅडमकडे बोट करून म्हणाले. "तेव्हा जरा कच्ची होती. पण मी घडवली."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. त्यांच्या हातातली पेन्सिल तेवढी मोडली.

"आणि एक," सर पुढे म्हणाले, "मी आलो की पहिलं काम म्हणजे हा उलट बोलण्याचा तमाशा बंद. शिस्त म्हणून काही असते की नाही?"

अध्यक्षांनी मान डोलावली. म्हणजे हा माणूस मॅडमचं एक वर्ष खाऊन, नाव खाऊन, आता त्यांची पोरंही खायला बसणार होता. त्या क्षणी मॅडमनी ठरवलं. पोरांसाठी ठरवलं असं त्या स्वतःला सांगत होत्या, आणि त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण पोरं नसती तरी त्यांनी हेच केलं असतं.

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा डेंटिस्ट, शांत माणूस, दिवसभर लोकांना 'आ' करायला सांगून घरी आला की स्वतः फारसं तोंड उघडायचा नाही.

"इतकी वर्षं त्या माणसावर दात धरून बसलीयस," तो म्हणाला. "माझ्याकडे आली असतीस तर कधीच काढून टाकला असता."

"विनोद करू नकोस. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. चार लोकांसमोर. 'मी हाकललं' एवढे दोनच शब्द."

"म्हातारा झालाय गं तो."

"म्हातारा झालाय. सुधारलेला नाही."

नवऱ्यानं मान हलवली आणि भाजी चिरायला घेतली. बायकोला या स्वरात बोलताना त्यानं पूर्वी एकदोनदा ऐकलं होतं, आणि दोन्ही वेळा समोरच्याचं भलं झालं नव्हतं.

संधी चालून आली. विभागात नवी सराव खोली बांधून तयार झाली होती. खऱ्या माणसावर हात टाकण्याआधी रेसिडेंटनी पुतळ्यावर चुका करून घ्याव्यात म्हणून ही खोली. हा पुतळा म्हणजे चीज होती. छाती वरखाली व्हायची, मनगटाला नाडी लागायची, पापण्या मिटायच्या, आणि पलीकडच्या काळ्या काचेमागे बसून कुणी माइकमध्ये बोललं की पुतळ्याच्या तोंडून पुरुषी आवाज यायचा. पोरांनी त्याचं नाव 'जावईबापू' ठेवलं होतं. किंमत अफाट, दिवसभर पलंगावर पडून, चार माणसं सेवेला, आणि तरी तक्रार चालूच.

मॅडम अध्यक्षांकडे गेल्या. "खोलीचं उद्घाटन थोरल्या सरांच्या हस्ते करू या. आणि फीत कापण्यापेक्षा त्यांनीच पुतळ्यावर एक केस चालवून दाखवावी. अनुभवी हात कसा चालतो ते पोरांना दिसेल. सगळे हॉलमध्ये बसून मोठ्या पडद्यावर बघतील."

अध्यक्षांना कल्पना फार आवडली. थोरल्या सरांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायला शिडी लागत नव्हती, ते कायम वरच असायचे. "अरे, डोळे मिटून करीन," ते म्हणाले.

केस कुठली द्यायची हे मॅडमनी कुणाला विचारलं नाही. गांधीलमाशी. पित्त. सुजलेले ओठ. मास्तर हा शब्द मात्र कुठेही नव्हता. पुतळ्याचा धंदा काय, घरी कोण, यातलं काहीच कुणाला सांगितलेलं नव्हतं.

राहिला प्रश्न सरांबरोबर आत कोण उभं राहणार. तिघं-चौघं रेसिडेंट हौसेनं पुढे आली. मॅडमच्या हाताखाली तयार झालेली ती पोरं, देवालाही उलट बोलली असती. थोरले सर ओरडले असते तर ती जागची हलली नसती. मॅडमनी त्या सगळ्यांना नको म्हटलं आणि गुपचिळीला निवडलं.

गुपचिळी म्हणजे दुसऱ्या वर्षाची एक रेसिडेंट. परीक्षेत पहिली, हात सफाईदार, पण तोंड उघडायची वेळ आली की अळीमिळी गुपचिळी. म्हणूनच तिला ते नाव पडलं होतं. मध्यंतरी ती राजीनामा द्यायच्या विचारात होती. एकदा चूक दिसत असून बोलता आलं नाही, दुसऱ्या कुणीतरी बोललं म्हणून पेशंट वाचला, आणि ही नंतर साठवणीच्या खोलीत बसून रडत होती. मॅडमनीच तिला शोधून काढलं. त्यानंतर दर आठवड्याला त्या तिला वेळ द्यायच्या. सराव खोलीचं दार लावून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "ओरड. जावईबापूंच्या अंगावर ओरड. ते रागवत नाहीत." पोरगी हळूहळू खुलत होती. घरचं सांगायला लागली होती. तिचे वडील फार तापट होते, ते घरात शिरले की सगळी भावंडं भिंतीला चिकटायची, हेही तिनं मॅडमनाच सांगितलं होतं. म्हणजे 'बाहेर हो' असं कुणी गरजलं की ही पोरगी काय करेल हे मॅडमना पक्कं माहीत होतं. त्यांना बाहेर जाणारीच हवी होती.

"मला, मॅडम?" गुपचिळीचे डोळे मोठे झाले. "इतक्या लोकांसमोर?"

"तुलाच. सर सांगतील ते कर. चुकलं असं वाटलं तर उलट बोल. एवढं केलंस की भीती कायमची जाईल बघ."

"तुम्ही असाल ना?"

"काचेमागे. मी आहेच."

त्या रात्री जेवताना नवरा म्हणाला, "आणि ती पोरगी रडली तर?"

"रडू दे थोडी. मी नाही रडले?"

नवऱ्यानं ताट उचललं. "तू रडलीस त्याचा तुला राग आहे असं मला वाटत होतं," तो म्हणाला आणि आत गेला. मॅडमना ते ऐकू आलं, पण त्या दुसऱ्या दिवसाच्या विचारात होत्या.

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च भरला. पहिल्या रांगेत अध्यक्ष, मागे सगळे विभागप्रमुख, त्यांच्या मागे नर्सेस आणि रेसिडेंट. मॅडम काळ्या काचेमागे बसल्या. समोर माइक, शेजारी पुतळ्याची नाडी आणि श्वास चालवणारी बटणं. तंत्रज्ञ म्हणाला, "मॅडम, पेशंटचा आवाज मी देऊ?" "नको," मॅडम म्हणाल्या, "आज मीच देणार." त्यांचे हात थंड होते आणि कान गरम.

थोरले सर आत आले. त्यांनी बाह्या वर केल्या, कॅमेऱ्याकडे बघून किंचित मान झुकवली. गुपचिळी पलंगाच्या पलीकडे उभी होती, रंग उडालेली.

"डॉक्टर, श्वास घेता येत नाही," जावईबापू म्हणाले. "गांधीलमाशी चावली हो."

सरांनी पुतळ्याची नाडी पाहिली, छातीला स्टेथोस्कोप लावला, ऐटीत मागे वळले. मॅडमनी श्वास भराभर केला. घरघर वाढवली. यंत्रानं पहिली हाक दिली. सरांच्या कपाळावर घाम दिसू लागला. या माणसानं कित्येक वर्षांत हातात सिरिंज धरली नव्हती. अशा वेळी माणूस विचार करत नाही, त्याची सवय बोलते.

"ॲड्रिनलिन," सर म्हणाले. "अख्खी कुपी. शिरेतून."

काचेमागे मॅडमनी डोळे मिटले. अक्षरालासुद्धा धक्का नाही. जसंच्या तसं.

गुपचिळीनं सिरिंज उचलली. ती थांबली. ओठ हलले, आवाज नाही. मॅडम पुढे झुकल्या. बोल, बये, बोल.

"उलट बोलते, सर," गुपचिळी पुटपुटली. मग जरा मोठ्यानं, "उलट बोलते. अख्खी शिरेतून नको. मांडीत द्यायचं ना, सर?"

हॉलमध्ये रेसिडेंटच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. सराव खोलीत ती ऐकू गेली नाही. सरांचा चेहरा लाल झाला.

"मला शिकवतेस? कालची पोरगी तू! बाहेर हो."

"सर, पण नियम असा आहे की..."

"बाहेर हो म्हटलं ना! चालती हो!"

गुपचिळीच्या खांद्यांना झटका बसला. तिनं काळ्या काचेकडे पाहिलं. त्या काचेत तिला फक्त स्वतःचा चेहरा दिसत असणार. मॅडमच्या हाताशी एक लाल बटण होतं. ते दाबलं की सराव तिथंच थांबतो, दिवे लागतात, आणि पोराला कुणी काही बोलू शकत नाही. तो नियमही मॅडमनीच केला होता. त्यांनी बटणाकडे पाहिलं, आणि हात मांडीखाली दाबून धरला. पोरीनं सिरिंज खाली ठेवली, ती वळली आणि बाहेर गेली. दार लागलं.

सरांनी सिरिंज उचलली आणि औषध पुतळ्याच्या शिरेत ढकललं.

मॅडम माइकला ओठ लावून हळूच म्हणाल्या, "त्या बाई कुठं गेल्या? बोलवा ना त्यांना."

थोरल्या सरांचा हात हवेतच राहिला. त्यांनी पुतळ्याकडे पाहिलं. पुतळ्याच्या पापण्या मिटत-उघडत होत्या. "त्या बाई," जावईबापू पुन्हा म्हणाले, "बोलवा ना हो." मग मॅडमनी हृदय उधळून दिलं. मॉनिटर बोंबलायला लागला. सर छाती दाबायला वाकले, पण त्यांचा एक डोळा दाराकडे होता. मॅडमनी घाई केली नाही. अगदी सावकाश, चवीनं, त्यांनी जावईबापूंना मरू दिलं.

सराव संपला की हॉलमध्ये चर्चा, ही रीत होती. आणि चर्चेत आधी बोलायचं ते ज्यानं केस चालवली त्यानं. थोरले सर व्यासपीठावर येऊन बसले. पाणी प्यायले. गुपचिळी मागच्या दाराशी उभी होती, डोळे सुजलेले.

"सर," मॅडम अदबीनं म्हणाल्या, "काय झालं ते आपणच सांगावं."

सरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. मॅडमना तो हात ओळखीचा होता. "केस उत्तम चालली होती," सर म्हणाले. "पण ऐन वेळी ही पोरगी पेशंट टाकून बाहेर गेली."

पडद्याएवढ्या मोठ्या चेहऱ्यानं हा माणूस 'चालती हो' म्हणून गरजताना सगळ्यांनी आत्ताच पाहिला होता. पण ज्याला ते वाक्य इतकी वर्षं फळलं, त्याच्या तोंडून दुसरं कुठलं येणार? मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं कुणी. मॅडम हसल्या नाहीत. त्यांना इतकं बरं वाटत होतं की हसण्यात ते वाया घालवायचं नव्हतं.

"उलट बोलते, सर."

मागच्या दाराशी गुपचिळी. आवाज किनरा होता, पण हॉलच्या या टोकापर्यंत आला. "मी टाकून नाही गेले. तुम्ही मला 'चालती हो' म्हणालात. आणि ते औषध मांडीतच द्यायचं होतं."

"मी असं काही म्हणालो नाही!"

"सर," अध्यक्ष खाली मान घालून म्हणाले, "आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

थोरल्या सरांनी इकडेतिकडे पाहिलं. एकही चेहरा त्यांच्या बाजूचा नव्हता. मग त्यांची नजर मॅडमवर आली आणि तिथंच थांबली.

"तू," ते म्हणाले. "आतून तू बोलत होतीस. त्या मास्तराचं बोलणं तुला कसं ठाऊक? तू तर बाहेर होतीस."

मॅडमनी एक श्वास घेतला.

"कोण मास्तर, सर?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"नाही, सांगा ना," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. "पुतळा कोण आहे हे आम्ही कुणालाच सांगितलेलं नाही. मास्तर कुठून आले? आणि मी कुठल्या दाराबाहेर होते?"

आता अध्यक्षांनी मान वर केली होती. सगळेच बघत होते. सरांनी पुन्हा पाण्याचा ग्लास उचलला. पांढरा शर्ट काखेत भिजला होता. म्हाताऱ्याची कीव यावी असं ते दृश्य होतं, आणि हॉलमध्ये काहींना आलीही असेल. मॅडमना नाही आली.

"जुनी गोष्ट आहे," सर म्हणाले. "एक मास्तर होते. ते गेले."

"आणि रेसिडेंट?"

"तिला... मी हाकललं."

"मोठ्यांदा बोला, सर. मागे ऐकू आलं नाही."

"मी हाकललं!" थोरले सर ओरडले, आणि ओरडून झाल्यावर खुर्चीत लहान होऊन बसले.

पुढचं सगळं भराभर झालं. प्रशिक्षणाची सूत्रं हा विषय अध्यक्षांनी पुन्हा काढला नाही, त्यांच्या गाडीत बसायलाही सरांना कुणी बोलावलं नाही. बरोबरीचे डॉक्टर, ज्यांनी इतकी वर्षं पाठीमागे 'पळपुटी' म्हटलं होतं, ते एकेक करून हात मिळवायला आले. मॅडमनी सगळ्यांचे हात घट्ट दाबले, काहींचे जरा जास्तच. मग त्या गुपचिळीला शोधायला निघाल्या. पोरगी उभी राहिली होती, भर सभेत बोलली होती. तिला कुशीत घ्यावं असं मॅडमना मनापासून वाटत होतं.

ती सराव खोलीत होती. एकटीच. जावईबापूंच्या हातातली सुई काढून जागेवर ठेवत होती.

"अगं, कमाल केलीस तू!" मॅडम म्हणाल्या. "मी म्हटलं नव्हतं, भीती जाईल म्हणून?"

गुपचिळीनं वर पाहिलं नाही. "मॅडम, एक विचारू? मलाच का घेतलंत?"

"तुला सराव व्हावा म्हणून."

"नाही. बाकीची पोरं मागत होती. ती बाहेर गेली नसती. मी गेले असते, म्हणून घेतलंत."

मॅडमचा हसरा चेहरा तसाच राहिला, नुसता राहिला.

"तुम्हाला माझ्या वडिलांचं माहीत होतं," गुपचिळी म्हणाली. तिचा आवाज अजिबात कापत नव्हता. "मी दाराबाहेर उभी होते. आतून आवाज आला, त्या बाई कुठं गेल्या, बोलवा त्यांना. तो पुतळा आहे हे मी विसरून गेले. मला वाटलं, माझ्यामुळं माणूस मेला. मी तिथं भिंतीला डोकं टेकून उभी होते. तो आवाज तुम्ही देत होतात?"

मॅडमनी काळ्या काचेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हो."

"थोरल्या सरांना माझं नावसुद्धा ठाऊक नव्हतं, मॅडम. त्यांनी रागाच्या भरात हाकललं. तुम्ही तयारी केलीत."

"राजीनामा देणार आहेस का?" मॅडमनी विचारलं.

"नाही. कशाला देऊ? मला हे काम येतं." गुपचिळीनं चादर झटकली आणि जावईबापूंच्या गळ्यापर्यंत नीट ओढली. "फक्त उद्यापासून माझी ड्यूटी दुसऱ्या कुणाच्या हाताखाली लावा. आणि आठवड्याचं ते भेटणं नको आता."

"लावते," मॅडम म्हणाल्या.

पोरगी निघून गेली. तिनं दार आपटलं नाही, हळूच ओढून घेतलं. मॅडमना पश्चात्ताप झाला असं मात्र कुणी समजू नये. त्यांनी थोरल्या सरांचा खुर्चीत बसलेला चेहरा आठवून पाहिला, आणि त्यांना अजूनही बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं. फक्त ते सांगायला त्या खोलीत जावईबापूंखेरीज दुसरं कुणी नव्हतं.